कुंदाताईंचे विंचू

आमच्या शाळेत इंग्रजी सगळ्यांत मोठ्यानं कुंदाताई वाचायच्या, आणि त्या शिक्षिका नव्हत्या. प्रयोगशाळा परिचर हा त्यांचा हुद्दा. परीक्षानळ्या विसळायच्या, आम्लाच्या बाटल्यांना कुलूप लावायचं, सांगाड्यावरची धूळ झटकायची आणि तास संपला की खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच त्यांच्या कामाच्या कागदावर लिहिलेलं होतं.

मी रोह्याहून कासूच्या त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी व्हरांड्यातून जाताना संगणकाच्या खोलीतून आवाज आला. कुणीतरी शब्द तोडून तोडून वाचत होतं. "पर-मि-शन डि-नाइड." मग जरा थांबून, स्वतःशीच, "बरं. म्हंजे फाईल हाय, पन मला हात लावून देत नाय. मग मालक कोन तिचा?"

मी आत डोकावले. पन्नाशीच्या आसपासची, पदर कमरेला घट्ट खोचलेली एक बाई काळ्या पडद्यासमोर उभी होती. खुर्ची बाजूला सारलेली. एका बोटानं, पण न अडखळता, ती काहीतरी टाइप करत होती. पडद्यावर ना चित्र, ना रंग, नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. मी म्हटलं, "बसून करा ना, ताई."

"बसलं की मानूस रेंगालतं, बाई," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मिठागरावर कोन बसून काम करतंय?"

त्या पेणच्या खाडीकाठच्या गावच्या, कुंदा मोकल. घरात भाऊ, भावजय आणि त्या. आईबाप मिठागरावर राबलेले, थोडीफार भातशेती. दहावी झाल्यावर शाळेत चिकटल्या त्या चिकटल्याच. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या खोलीतले चौदा संगणक धाटावच्या एका कंपनीनं आपल्याकडे नवे आले तेव्हा शाळेला दिलेले. इतके जुने, की लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीशिवाय दुसरं काही त्यांना झेपलं नसतं. कंपनीचा एक माणूस येऊन ते सुरू करून गेला, जाताना सहा ओळींचा एक कागद ठेवून गेला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. शिक्षकांनी दोन दिवस खटपट केली, मग मशीनांवर चादरी पडल्या. चादरी झटकायचं काम कुंदाताईंचं. झटकता झटकता एक दिवस त्यांनी त्या कागदावरची पहिली ओळ टाइप केली.

पुढचं सगळं त्या चुकांवर शिकल्या. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. त्यांची शिकायची पद्धतच ती होती. काहीतरी टाइप करायचं, मशीननं नाकारलं की जे उत्तर येईल ते मोठ्यानं वाचायचं, अडलेला शब्द शाळेच्या शब्दकोशात बघायचा आणि पुन्हा वाचायचं. शब्दकोशाची पानं त्यांच्या हातांनी मऊ झाली होती. आम्ही शिकली-सवरलेली माणसं लाल-पांढरी ओळ दिसली की घाबरून खिडकी बंद करायचो. कुंदाताईंना ते बघवायचं नाही. म्हणायच्या, "मानूस चिडला की नुसता वरडतो. मशीन कारन सांगतं. तुम्ही आयकूनच घेत नाय."

फाईलला चालायची परवानगी देण्याची जी आज्ञा असते, तिच्या पाच इंग्रजी अक्षरांचा त्या सरळ 'चमोड' असा उच्चार करायच्या. शाळेतल्या पोरांच्याही तोंडी तेच. एकदा बाहेरून आलेले एक प्रशिक्षक हसले आणि खरा उच्चार सांगू लागले. कुंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्याकडं तसं म्हनत असतील, सर. हितं चमोड म्हटलं तरी उघडतंय."

आता विंचवांविषयी सांगायला हवं.

शाळेत इंटरनेट जवळजवळ नव्हतंच. लिनक्सवर नवा प्रोग्राम टाकायचा तर तो एकटा येत नाही. त्याला अमुक लागतं, त्या अमुकला तमुक लागतं, आणि प्रत्येक गोष्ट नेटवरून आणावी लागते. चौदा मशीनांना ते कसं जमणार? मग कुंदाताईंना एक वेगळी जात सापडली. एकच फाईल असते. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं त्या एका फाईलीत बांधलेलं. मशीनमध्ये कुठे काही पसरायचं नाही. फाईल आणा, परवानगी द्या, चालवा. नको झाली की ती एक फाईल पुसा, मागे काही उरत नाही म्हटलं तरी चालेल. हिचं खरं नाव ॲपइमेज. कुंदाताईंनी पहिली फाईल चालवून बघितली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "हा तर विंचू. बिऱ्हाड पाठीवर."

तेव्हापासून त्या जातीचं आमच्या शाळेतलं नाव विंचू. नेटवरून फाईल घ्यायची म्हणजे 'विंचू उतरवायचा'. नवा आलेला तपासनीस एकदा फळ्यावर 'आज दोन विंचू उतरवले' असं वाचून मुख्याध्यापकांना काळजीनं विचारायला गेला होता.

पण विंचवाला हात लावायची रीत असते, आणि ती कुंदाताईंइतकी कडक पाळणारं माणूस मी पाहिलं नाही. प्रत्येक फाईलीबरोबर तिच्या मूळ घरून एक लांबलचक ओळख येते, चौसष्ट अक्षरांची. आपल्याकडे पोचलेल्या फाईलीवरून मशीन तशीच ओळख काढून देतं. दोन्ही जुळल्या तर फाईल तीच, वाटेत कुणी बदललेली नाही, कुठे तुटलेली नाही. ही तुलना मशीन स्वतःही करतं. कुंदाताई ती मशीनकडून करून घ्यायच्या आणि मग स्वतः चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं बोट ठेवून वाचायच्या. "आधी वलख," असं त्यांचं म्हणणं, "मंग परवानगी. उलटं नाय करायचं. कुनाच्याच बाबतीत."

गणिताचे घरत सर जित्याहून यायचे. त्यांनी एकदा घरच्या नेटवर भूमितीच्या आकृत्या काढायचा प्रोग्राम उतरवून आणला आणि मुख्याध्यापकांसमोर पेनड्राइव्ह कुंदाताईंच्या हातात दिला. पुढच्याच तासाला दहावीला दाखवायचं होतं. कुंदाताईंनी ओळख काढली, वाचली आणि पेनड्राइव्ह परत केला.

"नाय जुळत, सर."

"अहो, मी स्वतः उतरवलाय. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर हाय. फायलीवर नाय."

सर चिडले. मुख्याध्यापक म्हणाले, जाऊ दे, एकदा चालवून तर बघा. कुंदाताईंनी परवानगी काही दिली नाही. एका परिचर बाईनं मुख्याध्यापकांसमोर 'नाही' म्हणणं काय असतं ते शाळेत नोकरी केलेल्यांना ठाऊक असेल. मग त्या म्हणाल्या, "सर, तो चोर नसंल. पन लंगडा हाय. अर्धा वाटंतच राहिला असंल." आकार पाहिला तर खरंच फाईल अपुरी होती. जित्याला नेट मधेच तुटलं होतं. घरत सरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवून आणली, या वेळी जुळली.  पुढे ते कुठलीही फाईल आणली की ती ओळख कागदावर लिहूनच आणायचे.

दुसरी रीत जुन्या फाईलीची. नवी आवृत्ती आली की कुंदाताई जुनी पुसायच्या नाहीत. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि 'चालू' नावाची एक खूण असायची, ती नव्याकडे वळवायच्या. मुलं 'चालू'वर जायची, मागे नवं आहे की जुनं, त्यांना कळायचंही नाही. "नवी होडी पान्यात घातल्याबिगर जुनी फोडायची नाय," त्या म्हणायच्या. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी, मुलं रांगेत उभी, आणि मी तपासून बघते तर नव्या आवृत्तीत मराठी अक्षरांच्या वेलांट्या सुटून भलतीकडेच पडलेल्या.  कुंदाताईंनी एका मशीनवर उभं राहून एक ओळ लिहिली. त्या ओळीनं मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या तारेतून चौदाही मशीनांची खूण जुन्याकडे फिरवली. रांगेतल्या पहिल्या मुलीनं चप्पल काढून आत पाय ठेवला तेव्हा सगळं जागेवर होतं.  कुंदाताई खिडक्या उघडायला गेल्या होत्या.

मी हे सगळं नवलानं बघत आले. पण त्यांच्यापुढे मान खरोखर झुकली ती बांधाच्या वेळी.

त्यांचं गाव खाडीला लागून. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाभोवती मातीचा लांब बांध. एका श्रावणातल्या उधाणाला तो बांध फुटला आणि खाडी भातात शिरली. लोकांनी मातीच्या गोणी टाकल्या, पुढच्या भरतीनं त्या नेल्या. पेणच्या एका कार्यालयात अर्ज केला. उत्तर आलं की बांध जिथे फुटला ती जागा नकाशात शेतजमिनीच्या बाहेर, खाडीच्या हद्दीत दिसते, त्यामुळे दुरुस्ती करता येणार नाही. हरकत असेल तर बैठकीला पुराव्यासह यावं.

गाव हबकलं. बांध पावसाळ्याआधी झाला नाही तर पुढचं पीकही गेलं, आणि दोनतीन वर्षं खारं पाणी बसलं की जमीन खाजण होते, भाताला कायमची निकामी. पोलीस पाटलांकडे कापडावर चिकटवलेला गावाचा जुना नकाशा होता. त्यात बांध होता, शेतं होती. पण आजच्या जमिनीवर तो नकाशा कुठे बसतो हे दाखवायचं कसं?

कुंदाताईंनी पेणला ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे बसून नकाशांचा एक विंचू उतरवला. चांगला जडशीळ होता. त्याच दुकानात जुना नकाशा चार तुकड्यांत स्कॅन करून घेतला. मग ओहोटी बघून त्या आणि त्यांचे थोरले भाऊ हरीभाऊ सबंध बांध पायी चालले. दर थोड्या अंतरावर फोनमध्ये जागेची नोंद. जुन्या नकाशातल्या ज्या गोष्टी आजही हललेल्या नाहीत त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबले. देवळाचा कोपरा, दगडी विहीर, आणि बांधातली उघाडी. उघाडी म्हणजे भरतीला आपसूक मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं दार. शनिवारी दुपारी शाळा सुटली की त्या संगणकावर हे सगळं एकमेकांवर बसवायच्या. मी घरी जायची गाडी सोडून तिथे थांबायला लागले. मला त्यातलं फार कळत नव्हतं. देवळाचा कोपरा देवळाच्या कोपऱ्यावर जाऊन बसला की मात्र अंगावर काटा यायचा.

अशाच एका शनिवारी हरीभाऊ आले. उंच, उन्हानं काळवंडलेला, फार न बोलणारा माणूस. पडद्यावर बांधाची रेघ होती. फुटलेली जागा रेघेवर स्पष्ट दिसत होती, तिच्या आत गावाची सगळी शेतं. आणि रेघेच्या बाहेर, खाडीच्या बाजूला, तीन तुकडे.

"ते आपले ना गो?" हरीभाऊंनी विचारलं.

"व्हय."

ती तीन शेतं त्यांच्या वडिलांनी जुन्या बांधाच्या बाहेर घमेल्याघमेल्यानं माती टाकून केलेली. त्यांना राखणारा छोटा बांध घरानंच घातलेला. दुरुस्ती झाली तरी ती मोठ्या बांधाच्या बाहेरच राहणार होती.

 हरीभाऊंनी पडद्याला बोट लावलं. "कुंदे, रेघ एक बोटभर सरकव. हितं. कोन मोजतंय?"

"एक बोट म्हंजे तिकडं साठ पावलं, दादा."

"मंग?"

"मी चाललेय ती. तू पन होतास माझ्यासंगं."

"बापाची जमीन हाय ती, गो."

"मला ठाव नाय का?" कुंदाताईंचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला, आणि लगेच उतरला. "एक रेघ खोटी निघाली तर सगला नकाशा खोटा. सगल्या गावाचा."

हरीभाऊंनी बोट काढलं. माझ्याकडे एकदा बघितलं, जणू मी काहीतरी बोलावं. मी पडद्याकडे बघू लागले. ते निघून गेले. कुंदाताई कितीतरी वेळ त्या तीन तुकड्यांकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी फाईल जपून ठेवली आणि खिडक्या लावल्या.

बैठकीला त्या मला घेऊन गेल्या. "साहेबानं इंग्रजी फाडलं तर तुम्ही बघा, बाई." गावातली वीसेक माणसं आली होती, हरीभाऊही होते, भिंतीला टेकून. कुंदाताईंनी छापलेला नकाशा टेबलावर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "असा कागद कुणीही छापून आणेल. आमचा नकाशा या मशीनमध्ये आहे. त्याच्यावर ठेवून दाखवा, म्हणजे बोलता येईल."

संगणकाशी बसलेला ऑपरेटर म्हणाला, "सर, यात तो प्रोग्राम नाही. टाकायला पासवर्ड लागतो, तो कंत्राटदाराकडे आहे."

"मग पुढची तारीख घेऊ," साहेब म्हणाले.

मागे कुजबुज झाली. पुढची तारीख म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. माती टाकायचे दिवस हातातून जाणार होते.

"साहेब," कुंदाताई म्हणाल्या, "टाकायचा नाय. त्याला तुमच्या घरात ऱ्हायचं नाय. पडवीत बसून काम करंल न जाईल. पासवर्ड नको."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

"आमच्या शाळेत असतात," मी म्हटलं. याहून बरं काही मला त्या क्षणी सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ऑपरेटर उठला. खुर्ची रिकामी होती, कुंदाताई तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. तीन कळा दाबून काळी खिडकी उघडली. मशीन कुठल्या जातीचं ते आधी मशीनलाच विचारलं, तेही लिनक्सवरचंच निघालं, मग फाईल उतरवून घेतली, ओळख जुळवली, चमोड केलं. साहेबांसमोर, वीस माणसांसमोर, चौसष्ट अक्षरं बोट ठेवून वाचली. मग चालवली.

चालली नाही. पडद्यावर चार ओळी आल्या.

"बघा, एरर आली," ऑपरेटर म्हणाला. "सर, मी म्हटलं होतं."

 भिंतीशी कुणीतरी सुस्कारा सोडला. कुंदाताई मात्र पडद्याकडे वाकल्या, आणि ज्या आवाजात त्या आमच्या रिकाम्या संगणक खोलीत वाचायच्या त्याच आवाजात, तेवढ्याच मोठ्यानं, त्या सरकारी खोलीत एकेक शब्द तोडून वाचायला लागल्या. ऑपरेटरला हसू आलं. त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्या ओळीपाशी बोट ठेवून त्याला म्हणाल्या, "हे पुढचं वाचा ना, साहेब. माझा चष्मा जरा हलका हाय."

त्यानं वाचलं. वाचता वाचता त्याचं हसू गेलं. काय करून बघायचं ते मशीननं शेवटच्या ओळीत स्वतःच लिहिलं होतं.

"हां," कुंदाताई म्हणाल्या. "गाठोडं बांधलेलंच वापरायचं तर एक साधन लागतं, ते ह्या घरात नाय. मंग गाठ सोडून सामान बाहेर मांडा म्हनतंय. तेवढं चालंल."

त्यांनी एक ओळ लिहिली. फाईलींची नावं पडद्यावरून भराभर वर सरकायला लागली, शेकड्यांनी.  मग ती थांबली. कुंदाताईंनी आणखी एक छोटी ओळ लिहिली, आणि त्या काळ्या पडद्यावर नकाशाची खिडकी उघडली.

कार्यालयाचा नकाशा खाली, गावाचा वर. देऊळ देवळावर, विहीर विहिरीवर, उघाडी उघाडीवर. बांध फुटला ती जागा जुन्या बांधावरच होती आणि आत सगळी भातशेती. साहेबांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला. मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं, चारी कोपऱ्यांना जाऊन आले. चूक शोधत होते, आणि ते त्यांचं कामच होतं. शेवटी त्यांनी बांधाबाहेरच्या तीन तुकड्यांवर बाण आणून ठेवला.

"हे कुणाचे?"

"माझ्या भावाचे."

"म्हणजे तुमच्याच घरचे. हे आत का नाही दाखवले?"

"ते बाहेर हायत."

 साहेबांनी ऑपरेटरला संयुक्त पाहणीची तारीख लिहून घ्यायला सांगितली, त्याच आठवड्यातली. आणि उभे राहून म्हणाले, "ताई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"असंच," कुंदाताई म्हणाल्या. त्या सोडलेलं सामान पुसत होत्या. "साहेब, तुमच्या मशीनमंदी मी काय ठेवलं नाय. आमचा नकाशा पायजे तर ठेवते."

"ठेवा," साहेब म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं तेव्हा भिंतीशी हरीभाऊ नव्हते.

पावसाळ्याआधी बांध झाला, या वेळी दगड घालून. जमिनीतला खार धुऊन जायला दोन पावसाळे गेले, मग गावाचं भात पुन्हा उभं राहिलं. बाहेरच्या तीन शेतांपैकी एक खाडीनं कायमचं घेतलं. हरीभाऊंनी उरलेल्या दोन शेतांचा छोटा बांध एकट्यानं घातला. आणि ते बहिणीशी बोलायचे बंद झाले. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवून. काही सांगायचं झालं तर बायकोला म्हणायचे, "तिला सांग." हे मला कुंदाताईंच्या भावजयीनं सांगितलं. कुंदाताई स्वतः एकदाच बोलल्या, परीक्षानळ्या विसळताना. "रागवायचा हक हाय त्याचा. माती टाकताना मी पन घमेलं उचललंय, पन त्यानं जास्त उचललंय." एवढं म्हणून नळी उजेडात धरून बघितली, डाग राहिलाय का ते.

निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शाल दिली, बोलायचा आग्रह केला. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मशीनं चौदाच्या चौदा चालू हायत. चादरी नका टाकू," आणि खाली बसल्या.

त्यानंतरच्या भाद्रपदात मी त्यांच्या गावी गेले. संगणकाची खोली आता माझ्याकडे आली होती आणि एका विंचवानं मला दोन दिवस छळलं होतं. एक दिवस येऊन बघून जाल का, एवढं विचारायचं होतं. पौर्णिमा होती. भावजय दारातच भेटली. म्हणाली, "बांधावर गेलीत दोघं. आज उधान हाय ना."

उधाणाच्या दिवशी गावातलं कुणी ना कुणी बांध बघत फिरतं. खेकडे बिळं पाडतात, बोटाएवढ्या बिळातून पाणी सुटतं आणि तेच वाढून बांध नेतं. मी चपला हातात घेऊन चढले. भरती पुरी व्हायला आली होती. एका बाजूला खाडी बांधाच्या काठापर्यंत चढलेली, दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या कितीतरी खाली, हिरवं भात. मधल्या त्या चार हातांच्या मातीवरून हरीभाऊ फावडं घेऊन पुढे आणि कुंदाताई मागे, पदर खोचून. पावलापावलाला खाली बघत, हळू.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात हरीभाऊ थांबले, गुडघ्यावर बसले आणि मागे वळले.

"कुंदे, हितं बघ गो. वलं लागतंय का मलाच वाटतंय?"

कुंदाताई पुढे झाल्या. वाकून हाताचा तळवा मातीवर ठेवला आणि तसाच ठेवून थोडा वेळ थांबल्या. हरीभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हाय," त्या म्हणाल्या. "बारीक हाय. घाल माती."

त्यांनी फावड्यानं चिखलाचा गोळा काढून दिला. कुंदाताईंनी तो बिळात कोंबला, टाचेनं दाबला, पुन्हा हात लावून बघितला. मग दोघं उठली आणि पुढे निघाली. मी हाक मारली नाही. उघाडीच्या पलीकडच्या वळणापर्यंत ती दोघं मला दिसत होती.